मिल्क थिसल की कलौंजी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवायला जाणाऱ्या मावसभावाने विचारलं, "दादा, लिव्हरसाठी मिल्क थिसल घेऊ की कलौंजी?"

पुराव्यात मिल्क थिसल, म्हणजे एक काटेरी औषधी झुडूप, पुढे. त्याच्या बियांतलं सिलिमरिन आधी दिलं, तर कार्बन टेट्राक्लोराइड या विषारी रसायनाने उंदरांच्या यकृताला होणारी इजा कमी होते. त्यातलंच सिलिबिनिन युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना शिरेतून देतात. पण सिलिमरिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बियांचा काढा जवळजवळ वाया, कॅप्सूल महाग.

कलौंजी स्वस्त, मंगळवार पेठेत सहज मिळते. तिच्यातल्या थायमोक्विनोनचे यकृतावरचे प्रयोग मात्र बहुतेक प्राण्यांवरचेच. मधुमेहाची गोळी चालू असेल तर जपून, साखर उतरू शकते.

जेवणात चवीला हवी तर कलौंजी. यकृताचा आजार निघालाच, तर डॉक्टरांना विचारून सिलिमरिन. रोज रसायनाची वाफ घेणाऱ्या माझ्या भावाला दोन्हींच्या आधी चांगला मास्क, हातमोजे आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी.