केदारनाथची बॅग: जाड जॅकेट की थर, स्पोर्ट्स शूज की ट्रेकिंगचे बूट?

मे महिन्यात हरिद्वारला उतरलं की ऊन चाळीस अंशांच्या घरात असतं आणि बॅगेतल्या थर्मलचं आपल्यालाच हसू येतं. पण हरिद्वार जेमतेम ३१४ मीटरवर आहे आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, म्हणजे नुसत्या उंचीनेच वीसेक अंश गेले. त्यात दुपारनंतर ढग भरले की पाऊस, कधी भुरभुर बर्फसुद्धा. जिथून चढण सुरू होते त्या गौरीकुंडापासूनची वाट २०१३च्या पुरानंतर बदलली, लांबलीही. म्हणून कुठलीही वस्तू घेताना मी एवढंच बघतो: ही भिजली तर काय?

एकच जाड जॅकेट घेणं सोपं वाटतं. पण चढणीवर घाम सुटतो. जॅकेट काढावं तर वारा झोंबतो, ठेवावं तर आतून भिजतं. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं, पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. चालत जाणाऱ्याने थरच घ्यावेत: आत पॉलिस्टरचा टीशर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचं हलकं जॅकेट), सगळ्यात वर विंडचीटर. थर्मल मुक्कामाच्या रात्रीसाठी कोरडं ठेवायचं. घोड्यावरून जाणाऱ्यांचं गणित उलटं. तासन्‌तास बसून अंग तापत नाही, त्यांनी जाड जॅकेट घ्यावं. हेलिकॉप्टरवाल्यांनीही ते अंगावरच घालावं; सामानाला मर्यादा असते, आणि ढग उतरले की उड्डाण रद्द होऊन रात्र वरच काढावी लागते.

जीन्सचं नावच नको. भिजली की गुडघ्याला चिकटते, पाऊल उचलताना ओढते आणि रात्रभर टांगली तरी शिवणी ओल्याच राहतात. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. साधी ट्रॅकपँट कधीही बरी. साडीच नेसणार असाल, तर आत थर्मल घाला आणि साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसा.

पावसासाठी पोंचो की रेनकोट? सोनप्रयाग-गौरीकुंडात रंगीबेरंगी प्लास्टिकचे पोंचो दुकानोदुकानी टांगलेले असतात. स्वस्त, आणि इरल्यासारखे सॅकसकट माणसाला झाकतात. मात्र वाऱ्यात फडफडतात, घोड्यावर चढताना काखेत टर्रकन फाटतात, आणि उतरताना स्वतःचं पाऊल दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. मी शर्ट-पँटवाला रेनकोट घेईन, पैसे जास्त गेले तरी. छत्री घोड्यांच्या गर्दीत उघडूच नका.

आता बूट. इथे घाई करू नका, कारण वाट दगडी फरशांची आहे आणि पावसात तिच्यावर घोड्यांच्या लिदीचा राडा होतो. स्पोर्ट्स शूज हलके आणि लवकर वाळणारे, पण जाळीतून पाणी थेट मोज्यात, आणि तळवा सपाट रस्त्यासाठी बनवलेला. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट उतारावर घोटा सांभाळतात. पण वरून पाणी शिरलं, तर जे बाहेरून आत येत नव्हतं ते आतून बाहेरही जात नाही आणि बूट दोन-दोन दिवस ओले राहतात. गुडघा किंवा घोटा कुरकुरत असेल तर हेच घ्या. बाकीच्यांना सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला वापरतो ते खोल खाचांच्या रबरी तळव्याचे हलके बूट पुरतात. नवे घेणार असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघा आणि अर्धा नंबर मोठा घ्या. उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. निघण्याआधी महिनाभर घालून फिरा. कपाटात पडून असलेले जुने बूटही फिरवून बघा, कारण गोंद सुकून अख्खा तळवा सुटतो. गमबूट नको, आत पाय घसरतो.

मोजे सुती नकोत, लोकरी किंवा सिंथेटिक घ्या, आणि एक जाड जोड मंदिराच्या आवारातल्या गार फरशीसाठी राखा. मुक्कामाला साध्या सँडल न्या. बूट तेवढ्या वेळात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत घाला.

सॅकला कव्हर असलं तरी पाठीकडून पाणी झिरपतंच. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला आणि थर्मल, मोजे, औषधं तिच्यात बांधा.