क्लोरथॅलिडोन आणि माझे डोळे: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले नऊ महिने मी रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोनची १२.५ मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी न्याहारीनंतर घेत आहे. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या या गोळीने माझा १६०/९६ असलेला रक्तदाब १३०/८० च्या आसपास आणून ठेवला आहे. तक्रार आहे ती डोळ्यांची.

तिसऱ्या महिन्यात, पुण्यातला उन्हाळा सुरू होताना, सकाळी पापण्या चिकटल्यासारख्या वाटू लागल्या आणि दुचाकीवरून कर्वे रस्त्याने जाताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. वारा लागला की डोळ्यांतून पाणी वाहत असे, त्यामुळे कोरडेपणाची शंकाही आली नाही. कोरडा डोळा चुरचुरला की त्यातून उलट जास्त पाणी येते, हे नंतर कळले. नेत्रतज्ज्ञांनी खालच्या पापणीत टिपकागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे अडकवून ठेवली. ती निदान १० मिलिमीटर भिजायला हवी होती. माझी ६ वरच थांबली. दोष एकट्या गोळीचा नसून पन्नाशीनंतरचे वय आणि दिवसभराचे संगणकावरचे काम यांचाही त्यात वाटा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून गोळी चालूच ठेवून डोळे ओलसर ठेवणारे कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे थेंब दिवसातून चार वेळा घालायला सुरुवात केली, आणि आता बराच आराम आहे.

हे सोसण्यासारखे आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे झाले ते तसे नव्हते, आणि लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड हे माझ्या गोळीच्याच जातीचे रक्तदाबाचे औषध असलेली गोळी सुरू होऊन त्यांना पाचवा दिवस होता. सकाळी त्यांनी चाळिशी न लावता सुई ओवली आणि कौतुकाने मला दाखवली. दुपारी मात्र कोथरूडच्या थांब्यावर समोर आलेल्या बसचा क्रमांक त्यांना वाचता येईना. चष्म्याच्या दुकानात उणे दोनचा नंबर काढून दिला, पण कोणती औषधे चालू आहेत हे कोणीही विचारले नाही. रात्री डोळे ठणकू लागले, मळमळू लागले, तेव्हा आम्ही नेत्ररुग्णालय गाठले. डोळ्यांच्या आतला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. त्यांचा दोन्ही डोळ्यांत ३८ च्या वर होता.

माझी आणि त्यांची, दोन्ही औषधे सल्फोनामाइड नावाच्या रासायनिक वर्गातली. क्वचित एखाद्याच्या डोळ्यात त्यांच्यामुळे भिंगाला धरून ठेवणारा भाग सुजतो, मागे पाणी साचते आणि भिंग पुढे ढकलले जाते. त्यामुळे जवळचे स्पष्ट आणि दूरचे धूसर दिसते, आणि आतल्या द्रवाची बाहेर जाण्याची वाट बंद झाली की दाब चढतो. काचबिंदूच्या नेहमीच्या झटक्यात लेसरने छिद्र पाडतात, त्याचा इथे उपयोग होत नाही. मुख्य उपचार म्हणजे ती गोळी थांबवणे. दाब उतरवायला एरवी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडही याच वर्गातली, म्हणून डॉक्टरांनी ती टाळून थेंबांवर भर दिला.

माझ्यासारखा कोरडेपणा असेल तर रक्तदाबाची गोळी मनाने सोडू नका. पण गोळी सुरू झाल्यावर काही तासांत किंवा पहिल्या काही आठवड्यांत दूरचे अचानक धूसर दिसू लागले, डोळे दुखू लागले, तर गोळीची पट्टी हातात घेऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

जाऊबाईंची नजर आठ दिवसांत पूर्ववत झाली. त्या औषधाचे नाव आता त्यांच्या फाइलवर लाल शाईने लिहिले आहे. नवा चष्मा तसाच पेटीत आहे.