वाईच्या पायवाटा: मेणवली-धोम चालावी, पसरणीचा घाट सोडावा

वाईहून आजूबाजूच्या गावांना जाणाऱ्या वाटा कुणी सहलीसाठी आखलेल्या नाहीत. बाजाराला येणारी माणसं, जत्रेला जाणारे, रानात जाणाऱ्या बैलगाड्या यांच्या पायाखाली त्या पडल्या. त्यामुळे पाट्या नाहीत, बाकडी नाहीत, कुठे वळायचं ते सांगणारा बाण नाही. पण वाट सहसा एखाद्या देवळाशी, घाटाशी किंवा पारापाशी नेऊन सोडते. एकच दिवस हातात असेल तर मेणवलीवरून धोम गाठावं, बाकीच्या वाटांचा विचारही करू नये.

या वाटेची सुरुवात गणपती घाटावरून करावी. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. दर्शन झालं की लगेच न निघता देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभागतो आणि देवळाला थेट धडक बसत नाही. ज्या नदीच्या उगमाच्या दिशेने दिवसभर जायचं, तिचा जोर काय असतो ते या दगडी टोकाकडे बघून कळतं.

वाई ते मेणवली अंतर सुमारे तीन किलोमीटर. रमतगमत पाऊण तास लागतो. नदीच्या कडेकडेने सलग पायवाट मिळेल या आशेवर राहू नका, शेतं थेट पात्रापर्यंत उतरलेली आहेत. गावाचा रस्ताच धरायचा, आणि तो अरुंद आहे. उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात. वळणावर मागची ट्रॉली आतल्या अंगाला कापत येते, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहू नये.

मेणवलीत आधी घाट, मग नाना फडणवीसांचा वाडा. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे तो उघडा मिळेलच असं धरून वेळ बसवू नका. घाटाला वेळेचं बंधन नाही. चंद्रकोरीसारख्या वळणाच्या पायऱ्या, काठावर मेणवलेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर ऊन तिरपं असतं आणि पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायकांखेरीज फारसं कुणी नसतं. शनिवार-रविवारी अकरानंतर गर्दी होते, फोटोवाल्यांची जास्त. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे चप्पल घालून उतरू नये.

मेणवलीपासून धोम आणखी पाचेक किलोमीटर. इथे दोन पर्याय आहेत. सरळ रस्ता भोगावावरून जातो. वामन पंडितांची समाधी याच गावात, त्यामुळे दहा मिनिटं तिथे द्यावीत. दुसरा पर्याय कालव्याच्या भरावावरून. मोबाइलच्या नकाशात भरावावरची वाट एकसंध रेघ म्हणून दिसते. जमिनीवर तसं नसतं. कुठे ओढ्यापाशी भराव खचलेला असतो, कुठे बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या असतात. शिवाय कालव्याचं अस्तर उताराचं आणि बुळबुळीत असतं. आवर्तन (शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना आत पाय घसरला तर बाहेर यायला धरायला काही नसतं. कालव्याला पाणी सुटलंय का ते गावात आधी विचारावं, आणि सुटलं असेल तर लहान मुलांना घेऊन भरावावर जाऊच नये. कोरडा कालवा असला तरी आमची शिफारस भोगावच्या रस्त्याचीच.

धोमला नरसिंहाचं देऊळ आणि शेजारचं महादेवाचं देऊळ बघायचं. खरी बघण्याची गोष्ट म्हणजे नंदी. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव, कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असं वाटतं. कोरडं असलं की कासवाची घडण बारकाईने बघता येते. दोन्ही रूपं बघण्यासारखी आहेत, पण दगडकामात रस असणाऱ्याने उन्हाळ्यातच यावं. या एका कुंडासाठी आठ किलोमीटरची पायपीट वसूल होते.

परतीला वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी जीप) किंवा एसटी. एसटीच्या वेळा सकाळी निघतानाच वाई स्टँडवर विचारून घ्या, धोमला पोचल्यावर नाही. दुपारी एक ते तीन वाहन चुकलं तर सावली शोधत बसावं लागतं, आणि त्या उन्हात आठ किलोमीटर परत चालणं उन्हाळ्यात धोक्याचं आहे.

बावधनची वाट वेगळ्या कारणासाठी चालावी. आग्नेयेला पाच-सहा किलोमीटर, सगळी सपाट, हळद आणि उसाच्या रानांतून. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून शिजवतात आणि खळ्यात वाळत घालतात, तो वास दूरपर्यंत येतो. रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड (नवसकऱ्याला उंच लाकडी शिडावर टांगून नेणारा गाडा) कृष्णाकाठच्या सोनेश्वरावरून बैलं जोडून बावधनला ओढत नेतात. त्या दिवशी गर्दी अफाट असते. चालायला जाणाऱ्याने एक तर बगाडच बघायला जावं किंवा दुसरा दिवस निवडावा, दोन्ही एकत्र जमत नाही. एरवी ही वाट मध्यम. सावली कमी आणि अर्ध्याहून जास्त डांबर.

उत्तरेला लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी आणि त्यापुढे पांडवगड. लेण्यांपर्यंत कुणालाही जमेल. आतला स्तूप आज शिवलिंग म्हणून पुजला जातो, पादत्राणं बाहेर काढावीत. गड ही वेगळी गोष्ट आहे. उंची साधारण १२७० मीटर, वाई सातशेच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे मीटरची खडी चढण. धावडीकडून चढावं. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांतून आत शिरतात, म्हणून पूर्ण लांबीची पँट घालावी. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यावं. उतरताना मुरमावर पाय सरकतो, झिजलेल्या तळव्याचे बूट इथे घात करतात.

पसरणीचं काय? शाहीर साबळ्यांच्या या गावापर्यंतचे तीनेक किलोमीटर बरे आहेत. पुढचा पाचगणीचा घाट पायी नको. कडेला चालायला जागा नाही, आतल्या वळणांवर गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी धुराने दम लागतो. पाचगणीला एसटीने जा.

आता सगळ्या वाटांना लागू असलेली मोठी अडचण. नकाशावरची पाणंद (शेतांमधून जाणारी वाट) जागेवर सापडत नाही. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. कागदावर पायमार्ग सव्वाआठ फुटांचा असतो. प्रत्यक्षात दरवर्षी नांगराचं एकेक तास (सरी) आत सरकतं आणि दहा वर्षांत उरतो तो हातभर बांध. दुतर्फा पुरुषभर ऊस असला की तोही दिसत नाही. ही वाटांची सर्वांत दुःखाची बाजू आहे, कारण एकदा मोडलेली पाणंद आपसूक परत उघडत नाही. वहिवाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतकऱ्यांना हे ठाऊक असतं. चालणाऱ्या बाहेरच्या माणसाने मात्र वाद घालू नये. बांधावर कुणी दिसलं तर ‘दादा, इथनं पलीकडं जायला वाट हाय का?’ एवढं विचारावं. बहुतेक वेळा माणूस हातातलं काम टाकून ओढ्यापर्यंत सोडायला येतो.

बांधावरच्या बारीक तारेला हात लावू नका. रानडुकरांसाठी झटका मशीन (तारेत वीज सोडणारं यंत्र) लावलेली असते, तार जाडीने सुतळीएवढी आणि संध्याकाळी दिसतही नाही. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नये, थांबून मालकाला हाक मारावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळ्या रानातून जाणाऱ्या वाटा सोडून द्या. शंभर पावलांत बुटाला किलोभर चिखल लागतो, काठीने खरवडला तरी पुढच्या शंभर पावलांत तेवढाच परत. त्या दिवसांत फक्त मेणवलीचा डांबरी रस्ता चालावा, आणि नदी भरून चालली असेल तर घाटावर वरच्या पायरीवरूनच बघावं.