जुने मथळे, नवा गोंधळ: पत्त्यांच्या खेळाचा रिव्ह्यू
कार्डावर जुन्या वर्तमानपत्राचा मथळा असतो. तो खरा धरून पुढचं रामायण आपण रचायचं. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’नं १९४८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ड्यूई जिंकल्याचं छापलं, निवडून आले ट्रुमन. ताईनं दोघांनाही व्हाइट हाऊसमध्ये घुसवलं. आंघोळीला आधी कोण, यावरून रोज भांडणं! न्यूयॉर्कच्या ‘सन’नं १८३५ मध्ये चंद्रावर वटवाघूळ-माणसं असल्याचं ठोकून दिलं होतं. ते कार्ड निघालं की सगळेच सुटतात. भाच्यानं त्यांचं सरकारी ऑफिस काढलं: साहेब छताला लटकलेले, त्यामुळे फायलींवर शिक्के उलटे. युद्धाचे मथळे मात्र कशाला घातलेत? हसू येत नाही, येऊही नये. कार्डांचे कोपरे लगेच दुमडतात, अक्षर बारीक. चार स्टार, तेही भाच्यामुळे.