ॲश ब्लॉसम: मास्टर ड्युएलमध्ये पहिले ३० पॉइंट कुठे घालायचे?

कोनामीच्या 'यु-गी-ओह! मास्टर ड्युएल' या डिजिटल कार्डांच्या खेळात नवीन आलेल्या प्रत्येकाची तक्रार ठरलेली असते: समोरचा एकटाच खेळत सुटतो, आपण नुसते बघत बसतो. त्याच्या पाळीत आपल्याला हात घालू देणारी जी मोजकी कार्डं आहेत, त्यांत सगळ्यात जास्त डेकमध्ये बसणारं म्हणजे 'ॲश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग'. कागदी खेळात ते २०१७ साली आलं. पुढचं सगळं रँक्ड ड्युएल (क्रमवारीचे सामने) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

अंगावरचे आकडे पाहून कोणी भाळणार नाही. लेव्हल ३, फायर, झॉम्बी, ट्यूनर. अटॅक शून्य, डिफेन्स १८००. खरी किंमत इफेक्टची आहे. डेकमधून हातात कार्ड घेणं, डेकमधून स्पेशल समन (इफेक्टच्या जोरावर मॉन्स्टर टेबलावर आणणं) करणं किंवा डेकमधून ग्रेव्हयार्डला (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) कार्ड पाठवणं, यांपैकी काहीही करणारं कार्ड वा इफेक्ट ॲक्टिव्हेट झालं की ॲश हातातून टाकून तो इफेक्ट निगेट (निष्प्रभ) करता येतो. पाळी कोणाचीही असो. आजच्या जवळपास प्रत्येक डेकचं इंजिन, म्हणजे तो चालवणारी मुख्य कार्डं, या तीनपैकी एका वाटेवरून जातं, म्हणून हे कार्ड कुठेच परकं वाटत नाही.

ड्रॉ हासुद्धा 'डेकमधून हातात' यातच मोडतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे 'पॉट ऑफ एक्स्ट्राव्हॅगन्स' लागू पडतं, 'पॉट ऑफ डिझायर्स' पडतं आणि मुख्य म्हणजे 'मॅक्स सी' पडतं. पॉटवाल्यांना ही निगेट जास्त झोंबते, कारण त्यांची किंमत आधीच चुकती झालेली असते. डिझायर्सवाल्याची दहा कार्डं उलटी बॅनिश होतात (खेळातून बाहेर जातात) आणि बदल्यात काहीच येत नाही.

आता जिथे ॲश चालत नाही ती यादी, कारण पैसे वसूल होतात की नाही ते इथेच ठरतं. ग्रेव्हयार्डमधून हातात घेतलं तर नाही. हातातून, ग्रेव्हयार्डमधून किंवा एक्स्ट्रा डेकमधून (मुख्य डेकबाहेरच्या वेगळ्या संचातून) समन केलं तर नाही. डेकमधून थेट सेट केलं (टेबलावर उलटं ठेवलं) तरी नाही: 'डायबेलस्टार' डेकमधून 'सिनफुल स्पॉइल्स' गटाचं कार्ड सेट करते, तेव्हा ॲश हातात असून उपयोग शून्य. डेकमधलं कार्ड किंमत म्हणून ग्रेव्हयार्डला जात असेल, तर त्या पाठवण्यालाही अडवता येत नाही, कारण किंमत हा इफेक्टचा भाग नसतो. इंग्रजी मजकुरात अर्धविरामाच्या आधी जे लिहिलंय ती अट किंवा किंमत, नंतरचा तो इफेक्ट. ही खूण बघायची सवय लावून घ्या. उलट 'ब्रँडेड फ्यूजन'सारखं, मॉन्स्टर एकत्र करून नवा काढणारं फ्यूजन, जे डेकमधले मॉन्स्टर मटेरियल म्हणून वापरू देतं, ते ॲशच्या तावडीत बरोबर सापडतं.

निगेट होतो तो इफेक्ट, ॲक्टिव्हेशन नाही. हा फरक दोन्हीकडून कापतो. 'पाळीत एकदाच ॲक्टिव्हेट करता येईल' असं कार्ड अडवलं, तर समोरच्याची ती संधी वाया गेली, दुसरी प्रत हातात असली तरी त्याला वापरता येत नाही. पण ॲक्टिव्हेट होताना सर्च करणारा, म्हणजे डेकमधून कार्ड शोधून हातात देणारा फील्ड स्पेल अडवला तर फक्त सर्च जातो. स्पेल टेबलावर राहतो आणि त्याचे बाकीचे इफेक्ट पुढे चालूच.

खरा प्रश्न कधी टाकायचं हा. पहिला सर्च दिसला की हात शिवशिवतो आणि इथेच निम्म्या ॲश वाया जातात. स्नेक-आय डेकचं उदाहरण घ्या. समोरच्याने 'बॉनफायर' टाकून 'स्नेक-आय ॲश' (हा वेगळाच मॉन्स्टर, आपली ॲश नव्हे) शोधायला घेतला. बॉनफायरच अडवलात, तर त्याचं नॉर्मल समन (पाळीत एकदाच मिळणारं साधं समन) अजून शिल्लक आहे आणि हातात दुसरा स्टार्टर, म्हणजे खेळी सुरू करणारं कार्ड, असला तर तुमचं कार्ड फुकट गेलं. थांबलात, त्याने स्नेक-आय ॲश नॉर्मल समन केला आणि 'पॉप्लर'चा सर्च लावला की तिथे अडवा. नॉर्मल समन संपलेलं, टेबलावर लेव्हल १चा एक पोरगा एकटा उभा. एवढ्याने तो थांबेलच असं नाही, हातातलं 'ओरिजिनल सिनफुल स्पॉइल्स' त्याला वर काढू शकतं; पण त्यासाठी त्याला आणखी एक कार्ड खर्चावं लागतं. ब्रँडेड डेकविरुद्ध हिशोब आणखी सोपा: 'अल्युबर'चा सर्च जाऊ द्या, 'ब्रँडेड फ्यूजन' येईपर्यंत दम धरा. ते पाळीत एकदाच ॲक्टिव्हेट होतं आणि त्या पाळीपुरतं एक्स्ट्रा डेकमधून फ्यूजनशिवाय काही काढू देत नाही. म्हणजे निगेट झाल्यावरही समोरचा स्वतःच्याच अटीत अडकलेला राहतो. मेंढीकोटमध्ये हुकूम राखून ठेवतात, तसंच हे.

तुम्ही आधी खेळत असाल तर ॲशचं काम बदलतं. तेव्हा ती प्रामुख्याने मॅक्स सीसाठी राखायची. तुमच्या प्रत्येक स्पेशल समनमागे समोरच्याला एक ड्रॉ देणारं हे कार्ड अडवता आलं नाही, तर कॉम्बो अर्ध्यावर सोडायचा की त्याला सात-आठ कार्डं द्यायची, एवढाच पर्याय उरतो. म्हणून पहिल्या पाळीत दुसऱ्या कशाची किंमत भरायला हातातली ॲश टाकणं हा शुद्ध आततायीपणा.

समोरचाही गप्प बसत नाही. 'कॉल्ड बाय द ग्रेव्ह' हा ॲशचा सगळ्यात मोठा शत्रू. टाकलेली ॲश ग्रेव्हयार्डमधून बॅनिश होते आणि पुढच्या पाळीच्या शेवटपर्यंत त्या नावाच्या मॉन्स्टरचे इफेक्ट निगेट राहतात. ही बंदी दोघांनाही लागू असते, हे बरेच जण विसरतात: तुमच्या ॲशवर कॉल्ड मारणाऱ्याची स्वतःची ॲशही तुमच्या पाळीत निकामी असते. अशा वेळी आपल्या पाळीत सर्च बिनधास्त लावावा. दुसरी अडचण चेनची, म्हणजे एकावर एक रचल्या जाणाऱ्या इफेक्टांच्या साखळीची. ॲश शेवटच्या ॲक्टिव्हेशनलाच लगेच उत्तर देऊ शकते. त्यामुळे दोन इफेक्ट एकदम सुरू होत असतील, तर जाणता खेळाडू सर्च चेनमध्ये पहिला ठेवतो आणि बिनमहत्त्वाचा दुसरा इफेक्ट त्याच्यावर चढवतो. त्यावर इलाज नाही, पुढच्या संधीची वाट बघायची.

एक बारकावा मात्र तुमच्या बाजूचा आहे. ॲश 'डिस्कार्ड' होते, म्हणजे हातातून नुसती टाकली जाते, तर मॅक्स सी आणि 'इफेक्ट व्हेलर' यांना हातातून ग्रेव्हयार्डला 'पाठवावं' लागतं. 'डायमेन्शन शिफ्टर' किंवा 'मॅक्रो कॉस्मॉस' लागू असताना ग्रेव्हयार्डला काही जातच नाही, सगळं बॅनिश होतं, त्यामुळे ती दोन्ही अडून बसतात, ॲश चालते. वर ती बॅनिश झाल्यामुळे कॉल्डच्या हातीही लागत नाही.

गेमच्या मांडणीबद्दल थोडी नाराजी. ड्युएलच्या स्क्रीनवर, गेमने तुम्हाला मध्ये थांबून विचारायचं की नाही हे ऑटो, ऑन, ऑफ असं बदलणारं बटण आहे. हातात ॲश असली की प्रत्येक सर्चवर गेम तुम्हाला विचारतो, आणि तेवढा वेळ समोरच्याच्या स्क्रीनवर खेळ अडखळतो. सर्चवरच अडखळतोय, बाकी ठिकाणी नाही, एवढ्यावरून सराईत माणूस हातात काय आहे ते ओळखतो आणि आधी फुसका सर्च टाकून बघतो. तोड अशी: जे इफेक्ट सोडूनच द्यायचेत तेवढ्यापुरतं ऑफ करा, मोक्याचं कार्ड यायच्या आधी परत ऑन. फोनवर ही बोटांची कसरत जिकिरीची आहे आणि बटण ऑफच राहिलं तर ॲश हातात असून पाळी निसटते.

टेबलावरचा मॉन्स्टर म्हणूनही ती अगदीच टाकाऊ नाही. लेव्हल ३ ट्यूनर असल्याने लेव्हल ४च्या जोडीला लेव्हल ७ सिंक्रो (ट्यूनर आणि दुसऱ्या मॉन्स्टरच्या लेव्हलची बेरीज करून एक्स्ट्रा डेकमधून येणारा) निघतो. झॉम्बी डेकमध्ये 'मेझुकी' तिला ग्रेव्हयार्डमधून उठवते. फायर डेकमध्ये 'प्रोमिथियन प्रिन्सेस' तेच काम करते, म्हणजे समोरच्याच्या पाळीत वापरलेली ॲश आपल्या पाळीत पुन्हा टेबलावर. याच्यासाठी कोणी ती डेकमध्ये घालत नाही, पण सामने लांबले की हे लागतं.

आता खर्च. कार्ड यूआर (अल्ट्रा रेअर, सगळ्यात दुर्मीळ दर्जाचं) आहे, बनवायला ३० यूआर पॉइंट. साधं यूआर मोडलं की १० मिळतात, म्हणजे एका ॲशमागे तीन यूआर. क्राफ्ट करण्याआधी दुकानातला बंडलचा विभाग बघा. ॲश आणि मास्टर पॅक एकत्र असलेलं बंडल तिथे एकदाच घेता येतं आणि सुट्या पॅकच्या मानाने स्वस्त पडतं. तीन प्रती ठेवल्या तर ४० कार्डांच्या डेकमध्ये पहिल्या पाच कार्डांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, दोन ठेवल्या तर २४ टक्के. ६० कार्डांच्या डेकमध्ये तीन प्रतींनाही २३ टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. पाळीत इफेक्ट एकदाच वापरता येतो, त्यामुळे दोन ॲश एकदम हातात आल्या तर एक त्या पाळीपुरती मुकी. पण ४० कार्डांत तीन असतानाही हे चार टक्क्यांहून कमी वेळा होतं, त्याची धास्ती घेऊन तिसरी प्रत वगळू नका. पॉइंट खरोखरच तुटपुंजे असतील, तर आधी डेकचं स्वतःचं इंजिन पूर्ण करा, दोन ॲश घ्या आणि तिसरी पुढच्या हप्त्यात.