वाळवंटी गस्तीचा ट्रक: तिघांपैकी कोणाचे मॉडेल करावे?

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेचे मॉडेल करायचे म्हटले की रणगाड्यांखालोखाल मन जाते ते लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, म्हणजे एलआरडीजी, या वाळवंटात दूरवर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश तुकडीच्या उघड्या ट्रकांकडे. त्यांना छप्पर नाही, दरवाजे नाहीत, मागचा हौदा सामानाने शिगोशीग भरलेला आणि त्यातून बंदुकीची नळी वर आलेली, हे चित्र इतके ओळखीचे झाले आहे की हा सगळा एकच ट्रक होता असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या तुकडीने १९४० ते १९४२ या दोन वर्षांतच ३० हंड्रेडवेटचे, म्हणजे सुमारे दीड टन वाहणारे, तीन वेगवेगळे ट्रक वापरले. पहिला शेव्हरोलेट डब्ल्यूबी, दुसरा फोर्ड एफ-३० आणि तिसरा शेव्हरोलेट १५३३ एक्स २. किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा संच, विकत घेण्याआधी या तिघांतून एक निवडावा लागतो, कारण ट्रक ठरला की काळ ठरतो आणि काळ ठरला की त्यावर कोणते डबे, कोणती शस्त्रे आणि कोणती अक्षरे असावीत हे जवळजवळ आपोआप ठरते. हा क्रम उलटा केला, म्हणजे हाती लागेल ते किट आणून त्यावर आवडेल ते चिकटवले, की मॉडेल देखणे होते, पण त्याला तारीख उरत नाही.

डब्ल्यूबी हा मुळात लष्करी ट्रक नव्हताच. मेजर राल्फ बॅगनॉल्ड यांना मध्यपूर्वेतले ब्रिटिश सरसेनापती जनरल वेव्हेल यांनी १९४० च्या उन्हाळ्यात तुकडी उभारायला अवघे सहा आठवडे दिले, तेव्हा इजिप्तमध्ये जे मिळाले ते घ्यावे लागले. काही ट्रक शेव्हरोलेटच्या विक्रेत्यांकडून आणि उरलेले इजिप्तच्या लष्कराकडून आले. त्यामुळे या गाडीला शहरी, गोलसर बॉनेट आणि फुगीर मडगार्ड आहेत, मागच्या चाकांना जोडटायर नाहीत, फक्त मागची चाके ओढतात आणि कमानपाट्यांना जादा पाटे घातलेले आहेत. १५३३ एक्स २ ही त्याच घराण्यातली पुढची गाडी असली, तरी ती कॅनडातून लष्करासाठीच बनून आली. स्टिअरिंग उजवीकडे, हौदा पूर्ण पोलादी आणि त्या हौद्याच्या भिंतींवर लाकडी फळ्या ठोकून उंची वाढवलेली. दोन्ही गाड्या बॉनेटवाल्या, दोन्ही शेव्हरोलेट आणि दोन्ही उघड्या असल्याने लांबून पाहणाऱ्याला सारख्याच वाटतात, आणि फसगत इथेच होते. १५३३ एक्स २ च्या किटवर १९४० ची चिन्हे लावून त्याला डब्ल्यूबी म्हणता येत नाही, कारण बॉनेट, मडगार्ड, पुढचे तोंड आणि हौदा या चारही गोष्टी नव्याने कराव्या लागतात. एवढे केल्यावर मूळ किटमधले उरते काय, हा प्रश्न मी स्वतःला अर्धे काम झाल्यावर विचारला होता. तो आधीच विचारलेला बरा.

मधला एफ-३० दिसायला अगदीच वेगळा आहे. इंजिन चालकाच्या शेजारीच बसवलेले, त्यामुळे नाक चपटे आणि आखूड. चारही चाके ओढणारी असल्याने हा ट्रक कागदावर वाळूसाठी सगळ्यांत योग्य होता. पण तो जड होता, पेट्रोल भरपूर पीत होता, आणि ज्या तुकडीचा सगळा पल्ला सोबत वाहून नेलेल्या पेट्रोलवर अवलंबून होता तिच्या दृष्टीने हा दोष लहान नव्हता. मार्च १९४२ पासून १५३३ एक्स २ मिळू लागले तेव्हा तुकडीने चार चाकांची ओढ सोडून पुन्हा दोन चाकांच्या शेव्हरोलेटला जवळ केले. मॉडेलकाराच्या बाजूने पाहिले तर एफ-३० चा मोठा फायदा असा, की तो दुसऱ्या कशाशीही गोंधळत नाही. तोटा असा, की छप्पर आणि दरवाजे काढल्यावर इंजिन, बैठका आणि दोघांच्या पायांजवळची सगळी यंत्रणा उघडी पडते, आणि तिथले काम झाकायला काहीच उरत नाही. ज्याला इंजिनाच्या तारा-नळ्या करण्यात गोडी आहे त्याने हा जरूर घ्यावा. इतरांना मी तो सुचवणार नाही.

आता खरा मुद्दा सामानाचा आहे, आणि अचूकतेच्या बाबतीत बहुतेक मॉडेल्स चॅसिसपेक्षा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापेक्षा, इथेच अडखळतात. आपल्याकडच्या प्रदर्शनांत मी पाहिलेल्या या ट्रकांपैकी बहुतेकांवर जेरीकॅनची रास होती. जेरीकॅन, म्हणजे पेट्रोलचा मजबूत पत्र्याचा डबा, हे मूळचे जर्मन साधन. वाळवंटातल्या ब्रिटिश सैन्याकडे ते आधी आले ते शत्रूकडून हाती लागले म्हणून. १९४० च्या डब्ल्यूबीवर पेट्रोल असायचे ते चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या, पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांत, आणि हे डबे लाकडी खोक्यांत जोडीने बसवलेले. आपल्या आजी-आजोबांच्या घरातला घासलेटचा चौकोनी डबा आठवावा. त्याच मापाची आणि त्याच जातीची ही वस्तू. पत्रा इतका हलका की प्रवासात सांधे उसवून पेट्रोल गळत असे. १/३५ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाइतक्या आकारात, असा डबा तळाला साधारण ७ मिमी चौरस आणि उंचीला १० मिमी होतो. प्लास्टिकच्या पट्टीचे एकसारखे तुकडे कापून पन्नासेक डबे एका रविवारात होतात, आणि वरची कडी पातळ तांब्याच्या तारेची केली की तेवढ्याने काम भागते. म्हणजे डब्ल्यूबीचे सामान हाताने करावे लागते, पण ते सोपे आहे. १९४२ च्या १५३३ एक्स २ वर मात्र हे डबे आणि पकडलेले जेरीकॅन दोन्ही शोभतात, त्यामुळे किटबरोबर आलेले पुष्कळसे सामान वापरता येते.

वाळूत रुतलेले चाक काढण्यासाठी चाकाखाली सरकवायची पोलादी पन्हळ तिन्ही ट्रकांवर लागते. बॅगनॉल्ड यांना तिचा पहिला नमुना युद्धाआधीच्या सफरींत कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे मिळाला होता. पहिल्या महायुद्धात खंदकांची छपरे पेलायला केलेला तो माल. पाच फुटी पन्हळ १/३५ मध्ये साडेत्रेचाळीस मिमी होते. किटमधली पन्हळ पाऊण-एक मिमी जाडीची असली, तर ती खऱ्या मापात तीन सेंटिमीटर जाड पोलादाची ठरते, आणि असली पन्हळ दोन माणसांना उचलवणार नाही. मी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साध्या कात्रीने कापतो, टाकाऊ बॉलपेनच्या टोकाने खुणा दाबतो आणि स्टीलच्या पट्टीच्या धारेवर दोन्ही कडा वर वळवतो. तेवढ्याने ती वस्तू खोटी दिसायची थांबते. रेडिएटरच्या उकळत्या पाण्याची वाफ नळीने बाजूच्या डब्यात न्यायची, तिथल्या पाण्यात ती थंड करायची आणि इंजिन निवल्यावर तेच पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये खेचले जाऊ द्यायचे, ही सोयही तिन्हींना हवी. तो डबा आणि ती नळी नसेल तर मॉडेल नुसत्या उघड्या ट्रकाचे होते. चालकासमोर सूर्यहोकायंत्राची, म्हणजे सावलीवरून दिशा दाखवणाऱ्या साधनाची, तबकडीही हवी.

वजनाची आठवण बहुतेकांना शेवटी होते. दीड टनाच्या ट्रकावर हे लोक दोन टनांपर्यंत लादत, त्यामुळे पाटे सपाट झालेले आणि टायर तळाशी बसलेले दिसले पाहिजेत. टायरचा तळ कानशीने एखादा मिमी घासावा. किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर कानस चालत नाही, शिवाय जुने व्हिनाइल प्लास्टिकच्या चाकाला वर्षानुवर्षे टेकून राहिले तर ते चाक विरघळवू लागते. असे टायर बदलून रेझिनचे घेणे हा खर्च मी उधळपट्टी मानत नाही.

शस्त्रे आणि अक्षरे यांत काळाची चूक सर्वांत लवकर पकडली जाते. १९४० च्या गस्तीकडे, म्हणजे एलआरडीजीच्या एका लहान पथकाकडे, लुईस मशीनगन, बॉइज रणगाडाविरोधी रायफली आणि एका ट्रकावर ३७ मिमीची बोफोर्स तोफ असे. विमानांवरून उतरवलेल्या विकर्स के मशीनगन १५३३ एक्स २ च्या काळात शोभतात. पहिल्या गस्ती न्यूझीलंडच्या सैनिकांच्या होत्या आणि ते आपल्या ट्रकांना माओरी नावे देत. डब्ल्यू गस्तीची नावे डब्ल्यूने सुरू होत. ही गस्त डिसेंबर १९४० मध्येच मोडली गेली. म्हणून १५३३ एक्स २ वर डब्ल्यू गस्तीचे नाव लावणे म्हणजे मोडलेल्या गस्तीला सव्वा वर्षानंतरची गाडी देणे होय, आणि तरीही ही चूक वरचेवर दिसते.

आपल्या वाचकाला इथे एक स्वाभाविक मोह होतो. १९४१ च्या अखेरीस भारतीय घोडदळाच्या पलटणींतून इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन उभे राहिले आणि पुढे ते एलआरडीजीबरोबर काम करू लागले. जाट, मुस्लिम, राजपूत आणि शीख अशा त्याच्या चार गस्ती होत्या. मराठ्यांची वेगळी गस्त त्यांत नव्हती. हे मॉडेल करावेसे वाटणे योग्यच आहे, मलाही वाटते. पण न्यूझीलंडच्या ट्रकावर पगडीवाल्या आकृत्या बसवून ते होत नाही. एका विशिष्ट गाडीचा स्पष्ट फोटो समोर ठेवूनच ते हाती घ्यावे, आणि तो फोटो मिळेपर्यंत किट कपाटात राहू द्यावे.

रंगाच्या बाबतीत डब्ल्यूबीला एक मोठा आधार आहे आणि तोच एक सापळाही आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात वायकाहा नावाचा डब्ल्यू गस्तीचा खरा डब्ल्यूबी आहे. तो लिबियाच्या वाळवंटात सापडला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला गेला आणि सापडला तसाच, रंगरंगोटी न करता, ठेवला आहे. चॅसिस, पाटे आणि मडगार्ड यांच्या घडणीसाठी याहून चांगला पुरावा नाही. पण त्याच्यावरचा गंज चाळीस वर्षांचा आहे. तो गंज उचलून १९४० च्या चालत्या गाडीवर लावणारे पुष्कळ आहेत. कोरड्या हवेत काही महिने फिरलेल्या ट्रकाचा रंग उन्हाने विटतो, वाळूने घासला जातो आणि कडांवर धातू उघडा पडतो, पण तो तांबडा होऊन पोपडे धरत नाही. १५३३ एक्स २ चे फोटो अधिक मिळतात, मात्र कृष्णधवल फोटोतून रंगाची गडद-फिकट छटा कळते, रंग कळत नाही. फिकट दगडी रंग हा पाया धरावा. हे ट्रक गुलाबी छटेचे होते असा हट्ट धरणाऱ्याने आपला आधार कोणत्या गाडीचा आहे हे आधी पाहावे. आणि मॅट वार्निश जुलैत मारू नये, मुंबईत तर नाहीच. माझा एक ट्रक त्या दमट हवेत एका संध्याकाळी पांढरा धुरकट झाला, आणि ती धूळ आहे असे मी पाहुण्यांना सांगत असतो.

मापाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. १५३३ एक्स २ चा चाकांमधला पाया १३४ इंच आहे. तो १/३५ मध्ये ९७ मिमी होतो आणि १/७२ मध्ये ४७. लहान मापात पेट्रोलचा डबा तीन मिमीच्या आसपास येतो आणि त्याची कडी जवळजवळ दिसेनाशी होते. उघड्या ट्रकाचे सगळे सौंदर्य सामानात असल्याने एकट्या गाडीसाठी १/३५ घ्यावे. अख्खी गस्त मांडायची असेल, समजा १३ सप्टेंबर १९४२ च्या, लिबियातल्या बार्सेवरच्या हल्ल्याला निघालेले बारा ट्रक आणि पाच जीप, तर १/७२ शिवाय इलाज नाही, कारण तेवढे मोठे टेबल घरात कोणी ठेवू देत नाही.

पहिल्यांदाच या विषयाकडे वळणाऱ्याने १५३३ एक्स २ घ्यावा. टामिया या जपानी कंपनीचे १/३५ मापातले किट १९७० च्या दशकातले असले, तरी ते जुळते व्यवस्थित, आणि वाचलेला वेळ पन्हळ, टायर आणि सामानावर घालवता येतो. ज्याने आधी दोन-चार ट्रक केले आहेत आणि ज्याला पत्रा वाकवायची भीती नाही त्याने डब्ल्यूबी करावा. तिघांत तोच सर्वांत कमी दिसतो आणि त्याच्या घडणीचा पुरावा सर्वांत पक्का आहे. माझ्या टेबलावर सध्या तोच आहे, चौथ्यांदा केलेल्या बॉनेटसह, आणि डावे मडगार्ड अजून उजव्याशी जुळत नाही.