कमी पैशात जुनी गाडी उभी करायची: येझदी घ्यावी की बुलेट?

हाताशी सत्तर-ऐंशी हजार रुपये आहेत, गाडी सहा महिने उघडी पडून राहिली तरी कुणी ओरडणार नाही एवढी घराखाली जागा आहे, आणि मनासारखी एक जुनी मोटारसायकल स्वतःच्या हातानं उभी करायची हौस आहे. एवढ्या भांडवलावर फिरून फिरून नावं चारच येतात: बुलेट, येझदी, राजदूत आणि यामाहाची आरएक्स १००. यातली एक येझदी रोडकिंग आणि एक कास्ट आयर्न (जुन्या, बिडाच्या इंजिनाची) बुलेट मी पूर्ण खोलून पुन्हा जोडली आहे, आणि मित्राच्या अंगणात एका राजदूतला हात लावला आहे. त्यावरून जे मत झालं ते सांगतो.

आरएक्स १०० चं आधी उरकून टाकू. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही ९८ सीसीची, ११ बीएचपीची गाडी इतकी हलकी आहे की अ‍ॅक्सिलरेटर पिळला की हातातून निसटते. पण तिच्यावर जीव टाकणारे फार झालेत. मूळ इंजिन आणि स्वच्छ कागद असलेली गाडी आता लाखाच्या आत मिळणं कठीण, आणि जी स्वस्तात मिळते तिच्या इंजिन नंबरवर पुन्हा पंच मारलेला नाही ना, याची धास्ती. शिवाय तिची किंमत आहे ती मूळ रूपाला. तिला कापून कॅफे रेसर (खाली हँडल, एकेरी सीट, रेसच्या गाडीसारखी) केली की मोजलेले निम्मे पैसे तिथंच बुडाले. कमी बजेटवाल्यानं या वाटेला जाऊ नये.

राजदूत १७५ अगदी उलट. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली, १७३ सीसीची, तीन गिअरची. दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून खडीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं दामटली, तरी गावोगाव गोठ्याच्या कडेला अजून उभी दिसते. चौघींत सगळ्यात स्वस्तात हाती लागते आणि शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. अडचण आहे ती ब्रेक आणि वेग यांची: हायवेवर मागून ट्रक आला की जीव मुठीत धरावा लागतो. गावातल्या गावात फिरायचं असेल आणि खिसा खरोखर तुटपुंजा असेल, तर तिला नाक मुरडू नका.

आता राहिल्या दोघी. पण त्याआधी कागद.

माझ्या रोडकिंगचा सौदा ठरत होता तेव्हा मालकाच्या पडवीत बसून हँडलखालचा चासी नंबर रॉकेलनं पुसला, त्यावर कोरा कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आकडे उमटले. आरसी बुकाशी लावून पाहतो तर एक आकडा जुळेना: पुस्तकात ३, कागदावर ८. मालकाचा चेहरा उतरला, माझाही. मग तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, पुन्हा रॉकेल, पुन्हा कागद. या वेळी स्वच्छ ३ उठला. डावीकडच्या रंगाच्या आणि गंजाच्या पुटानं त्याचा ८ झाला होता. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात, कारण आकडा खरोखर चुकीचा असता तर मी उठून निघालो असतो. मालक वारलेला असेल तर वारसांच्या सह्या, गाडी परराज्यातली असेल तर एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र), नोंदणीची १५ वर्षं उलटून गेली असतील (गेलेलीच असतात) तर पाच वर्षांसाठीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करा. “कागद नंतर करून देतो” म्हणणाऱ्याला नमस्कार करावा आणि घरी यावं.

येझदीचं इंजिन समजायला सोपं. २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारे कॅम आणि टॅपेटही नाहीत. हेडचे नट सोडले की एका संध्याकाळी ब्लॉक आणि पिस्टन टेबलावर. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजला असेल तर लेथवाला पुढच्या ओव्हरसाइजचं, म्हणजे जरा मोठ्या पिस्टनच्या मापाचं, बोअरिंग करून देतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम वर्षानुवर्षं करणारे हात आहेत. खरे पैसे जातात ते क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्यात. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, प्रेसवर क्रँक उघडून पुन्हा सरळ रेषेत बसवणं, हे घरी होत नाही आणि कुणाही मिस्त्रीकडे टाकण्यासारखं कामही नाही. एक गोष्ट मी महागात शिकलो. गाडी पांढरा धूर सोडत होती म्हणून दोनदा रिंगा बदलल्या, धूर तसाच. दोष होता क्लचच्या बाजूच्या ऑइल सीलमध्ये. ते सील गेलं की इंजिन तिकडचं ऑइल ओढून जाळतं. सील काही रुपयांचं, पण तिथं पोचायला क्लच उतरवावा लागतो, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा गिअरबॉक्सचं ऑइल वारंवार कमी होतं का, एवढं नक्की विचारा.

बुलेट ३४६ सीसीची, बोअर ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिलिमीटर. त्या लांब स्ट्रोकमुळेच तो संथ ठोका येतो आणि चढावर गाडी दम खात नाही. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असल्यानं एकाचं दुखणं काढायला दुसरं उघडावं लागत नाही, ही मोठी सोय. पण व्हॉल्व्ह, पुशरॉड, ऑइल पंप, टायमिंगचे गिअर असं पुष्कळ काही आत आहे, आणि पैसे जिरायला तेवढ्याच जागा. किक मारायलाही शिकावं लागतं: अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर दाबून किक थोडी पुढं सरकवायची आणि मग एकच पूर्ण किक. येझदीत किक आणि गिअर एकाच लिव्हरवर, तर जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. सवय दोन्हीकडे करावी लागते, बुलेटला जरा जास्त.

पार्टच्या बाबतीत बुलेट सरळ जिंकते. नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत तिचं सगळं मिळतं, आणि तालुक्याच्या गावीही तिचा एखादा मिस्त्री असतोच. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पिस्टन, सील, रबरं, केबली अजून मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच वस्तू छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या. जुन्याशी व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या पट्टीनं) मोजल्याशिवाय बसवू नका. मूळ टाकी किंवा मडगार्ड हवा असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार खेटे घाला. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या नव्या जावा-येझदीचे पार्ट या गाडीला चालत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो.

म्हणजे हिशेब असा: येझदी घेताना स्वस्त, इंजिनालाही बेताचा खर्च, पण पार्ट शोधण्यात वेळ आणि चपला झिजतात. बुलेट घेतानाच निम्मं बजेट खाते, पुढं मात्र अडून बसत नाही.

आता “कस्टम”चं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे फ्रेमला करवत लावायची नाही, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं नाही. मी दोन्ही गाड्यांवर फक्त नट-बोल्टनं निघणारे आणि पुन्हा बसणारे बदल केले: एकेरी सीट, खाली घेतलेलं हँडल. मूळ वस्तू खोक्यात जपून ठेवल्या. असं काम बुलेटवर जास्त खुलतं, कारण मडगार्ड, सीट, हेडलॅम्प सगळं सुटं आहे. येझदीचा डौल मुळातच तिच्या टाकीत आणि दोन सायलेन्सरात आहे. ते सायलेन्सर बदलू नका, टू-स्ट्रोकची ओढ त्यांच्यावरच अवलंबून असते. आणखी एक कारण: २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. रोडकिंग १९७८ पासूनची, म्हणजे पहिल्या गाड्या २०२८ मध्ये तिथं पोचतील. कापलेल्या फ्रेमला ती वाट कायमची बंद.

पैसे कोणत्या क्रमानं घालायचे? इंजिन, ब्रेक, चाकं आणि टायर, वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं बजेट बुडतं ते रंग आणि क्रोममध्ये, आणि गाडी चकचकीत होऊन बंद उभी राहते. माझ्या बुलेटचा मागचा मडगार्ड मी घाईनं क्रोमला दिला होता. तिथं तो बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) इतका घासला की कडेचा पत्रा कागदासारखा झाला, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथं भोक पडलं. टाकी घेताना छोटं लोहचुंबक फिरवून बघा. जिथं ते घसरतं तिथं पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे. आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. त्या बदला, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा.

स्वतः पाना धरणार असाल, शनिवार-रविवार मोकळे असतील आणि बजेट खरंच तेवढंच असेल, तर येझदी घ्या. तिच्या इंजिनात जे शिकाल ते जन्मभर पुरेल. काम मिस्त्रीवरच सोडायचं असेल, किंवा मागे बायकोला बसवून घाट उतरून कोकणात जायचं असेल, तर बुलेट घ्या आणि वर्षभर जुन्या रंगातच चालवा. मला आज पुन्हा निवडायला सांगितलं तर मी येझदीच निवडेन.

बघायला जाण्याआधी मालकाला फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गरम इंजिन बरीच दुखणी लपवतं. पोचलात की आधी सिलिंडरला हात लावा. गार लागला तरच किक मारायला घ्या.